चार वाजता रंग उडायचा

अमेरिकेत बॉस्टन शहराला लागूनच केंब्रिज नावाचं गाव आहे. तिथे हार्वर्ड विद्यापीठाचं कलासंग्रहालय आहे. २०१४च्या नोव्हेंबरपासून पुढचे काही महिने तिथल्या एका दालनात रोज एक अजब प्रकार घडायचा. दालनात पाच भलीमोठी चित्रं टांगली होती, वर्गातल्या फळ्यापेक्षा कितीतरी उंच. वांग्याचा जांभळा, किरमिजी, कुंकवाचा लाल असे दाट, भरदार रंग. लोक यायचे, चित्रांपुढे गप्प उभे राहायचे. आणि दुपारचे चार वाजले, की चित्रांचा रंग उडायचा.

खरंच उडायचा! आत्ता समोर किरमिजी होतं, ते बघता बघता फिकट, निळसर, डागाळलेलं दिसू लागायचं. कुणी चित्राला बोटसुद्धा लावलेलं नसायचं. फक्त एक दिवा बंद केलेला असायचा.

तुम्ही म्हणाल, दिवा घालवला तर अंधार होईल, रंग कसा जाईल? बरोबर शंका आहे आणि तिचं उत्तर मी सांगणार आहे. पण त्याआधी मला तुमची आणखी काही माणसांशी ओळख करून द्यायची आहे. कारण ही पाच चित्रं ज्याने काढली तो मूळचा अमेरिकेचा नव्हता. वयाच्या दहाव्या वर्षी बोटीतून समुद्र ओलांडून आला होता. आणि असा तो एकटाच नव्हता. अमेरिकेच्या चित्रकलेचा इतिहास उघडा, विसाव्या शतकाच्या पानांवर या, आणि 'ही खास आमची कला' म्हणून ते लोक जी चित्रं दाखवतात त्यांखालची नावं वाचा. कुणी नेदरलँड्सचा, कुणी आर्मेनियन, कुणी जर्मन. एके काळी अमेरिकेतले तरुण चित्रकलेसाठी पॅरिसला जायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरचे चित्रकार न्यूयॉर्ककडे बघायला लागले. हा बदल घडवणाऱ्यांत या आलेल्या माणसांचा फार मोठा हात होता. हात म्हणजे अगदी खराखुरा हात. त्यांच्या बोटांना जे काम येत होतं, तेच ते बरोबर घेऊन आले होते.

पहिला भेटतो तो चोरून आलेला. विलेम डी कूनिंग. जन्म १९०४चा, गाव नेदरलँड्समधलं रॉटरडॅम. बारा वर्षांचा असताना तो एका सजावटीच्या कंपनीत उमेदवारी करायला लागला. दिवसा तिथलं काम शिकायचं, रात्री कलाशाळेत जायचं. १९२६ साली हा पोरगा 'शेली' नावाच्या बोटीच्या इंजिनाच्या खोलीत लपून बसला. तिकीट नाही, कागदपत्रं नाहीत. बोट व्हर्जिनियाच्या बंदराला लागली, हा गुपचूप उतरला आणि न्यूयॉर्कसमोरच्या, नदीपलीकडच्या होबोकेन गावी जाऊन रंगारी झाला. दिवाळीच्या आधी आपल्याकडे शिडी, बादली आणि ब्रश घेऊन जे येतात ना, त्यांचंच काम.

ही रंगाऱ्याची विद्या त्याने पुढे आयुष्यभर वापरली. चित्रकारांचे ट्यूबमधले रंग महाग. डी कूनिंग यांच्याकडे पैसे नव्हते तेव्हा त्यांनी दारं-खिडक्यांना लावायचा काळा आणि पांढरा एनॅमल रंग आणला आणि त्यानेच चित्रं काढली. ती चित्रं त्यांच्या पहिल्या प्रदर्शनात लागली आणि त्यांचं नाव झालं.

पण मला सगळ्यात आवडते ती त्यांची वर्तमानपत्राची गंमत. ती कळायला थोडं रसायनशास्त्र लागेल. शर्ट वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं, बरोबर? तेलरंगाचं तसं नाही. तेलरंगात जवसाचं तेल असतं आणि ते उडून जात नाही. ते उलट हवेतला ऑक्सिजन घेतं. मग तेलाचे रेणू एकमेकांचे हात धरतात, त्यांचं जाळं विणलं जातं आणि रंगाचा कडक पापुद्रा तयार होतो. म्हणजे तेलरंग वाळायला ऊन नको, वारा नको, ऑक्सिजन हवा. तोच मिळाला नाही तर रंग ओलाच राहील. डी कूनिंग यांना हेच हवं असायचं. आज काढलेलं उद्या खरवडायचं, परवा पुन्हा काढायचं, असा त्यांचा खाक्या. म्हणून काम थांबवताना ते ओल्या चित्रावर वर्तमानपत्राची पानं चिकटवून ठेवत. हवा बंद, वाळणं लांबणीवर.

दुसऱ्या दिवशी पान सोलून काढलं की काय व्हायचं? गरम वडा बांधलेल्या कागदाची शाई तेलाने बोटाला लागते ना, तसंच. छापील मजकूर चित्रावर उमटायचा, तोही आरशात दिसतो तसा उलटा! डी कूनिंग यांनी तो बऱ्याचदा पुसला नाही, राहू दिला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यांचं 'ईस्टर मंडे' नावाचं उंचच उंच चित्र आहे, १९५५-५६ सालचं. लांबून पाहिलं तर रंगांचे नुसते फटकारे. जवळ गेलं की त्या फटकाऱ्यांमधून जुन्या वर्तमानपत्राचे छाप डोकावतात.

१९५० साली इटलीतल्या व्हेनिस शहरात चित्रांचं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे प्रत्येक देश आपापले चित्रकार पाठवतो. अमेरिकेने निवडलेल्या चित्रकारांत डी कूनिंग होते. गंमत अशी, की ते तेव्हा अमेरिकेचे नागरिकच नव्हते. नागरिकत्व त्यांना मिळालं १९६२ साली. बारा वर्षं आधी ज्या देशाच्या वतीने त्यांची चित्रं व्हेनिसला गेली, त्या देशाच्या दप्तरी त्यांचं नाव अजून परदेशी माणूस म्हणूनच होतं.

त्याच प्रदर्शनात त्यांच्या एका जिवलग मित्राचीही चित्रं होती. अर्शाइल गॉर्की. हे त्यांचं जन्मनाव नव्हे, अमेरिकेत आल्यावर त्यांनी स्वतःच घेतलेलं. खरं नाव व्होस्तानिग आदोयान. वान नावाच्या मोठ्या सरोवराकाठच्या खेड्यात एका आर्मेनियन घरात जन्म. तो भाग आज तुर्कस्तानात आहे. १९१२ साली आईने या लहानग्याला घेऊन फोटो काढून घेतला. वडील कामासाठी अमेरिकेला गेले होते, त्यांना पाठवायला. फोटोत आई डोक्यावर ओढणी घेऊन खुर्चीत बसली आहे आणि मुलगा हातात फुलं घेऊन शेजारी उभा आहे.

त्यानंतर तीनच वर्षांत तिथल्या आर्मेनियन लोकांवर फार मोठा घाला पडला. लाखो माणसं मारली गेली, उरलेली पायी पळाली. पळणाऱ्यांत ही माय-लेकरंही होती. १९१९ साली येरेवान शहरात उपासमारीने आई गेली. पुढच्या वर्षी मुलगा आणि त्याची बहीण अमेरिकेत पोचली. आणि तिथे त्याला तो फोटो पुन्हा सापडला.

१९२६च्या सुमारास गॉर्कींनी त्या फोटोवरून चित्र काढायला घेतलं. दहाहून जास्त वर्षं काढत राहिले! एक नव्हे, दोन मोठी चित्रं. एक न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये आहे, दुसरं वॉशिंग्टनला. रंगाचा थर द्यायचा, तो वाळला की दाढीच्या पात्याने हळूहळू खरवडायचा, वर पुन्हा थर द्यायचा. शेवटी पृष्ठभाग चिनी मातीच्या बशीसारखा गुळगुळीत होईपर्यंत. आईचा चेहरा किती नीट रेखला आहे! डोळे सरळ तुमच्याकडे बघतात. पण तिचे हात? हातांच्या जागी नुसते पांढुरके ढग. बोटं नाहीतच. मी हे चित्र पहिल्यांदा पुस्तकात पाहिलं तेव्हा वाटलं, राहून गेलं असेल. आता तसं वाटत नाही. जो माणूस दहा वर्षं एका चित्रापाशी बसतो, त्याचं काही राहून जात नाही. आईचे हात त्याला आठवत नसतील का? की आठवत होते आणि काढवत नव्हते? तुम्ही चित्र पाहा आणि ठरवा.

आता थोडा वेळ वाचन थांबवा आणि कात्री आणा. एक पिवळा घोटीव कागद, एक गडद निळा आणि वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद. खाकी कागदाचे बोटभर रुंदीचे दोन सारखे तुकडे कापा. एक पिवळ्याच्या मध्यभागी ठेवा, एक निळ्याच्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. पिवळ्यावरचा खाकी काळपट, मळका दिसेल. निळ्यावरचा उजळ, थोडा सोनेरी. एकाच कागदाचे तुकडे, मग दोन रंगांचे कसे झाले?

कारण आपला डोळा रंग एकटा मोजतच नाही. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी आणि मागे बसलेला मेंदू सतत शेजाऱ्याशी तुलना करत असतात. शेजारी झगझगीत असला की मधला रंग अंधारा वाटतो. शेजारी काळोखा असला की तोच रंग उजळतो. शिवाय शेजाऱ्याच्या विरुद्ध रंगाची छटाही मधल्यावर चढल्यासारखी भासते. उंच मुलांच्या रांगेत उभा राहिलेला मध्यम उंचीचा मुलगा बुटका दिसतो, तसंच काहीसं.

हा खेळ वर्गात शिकवणारे सर होते यॉसेफ अल्बर्स. जर्मनीत बाउहाउस नावाची एक विलक्षण कलाशाळा होती, तिथे ते शिकवायचे. १९३३ साली हिटलरचं राज्य आलं आणि शाळा बंद पडली. त्यांची पत्नी अॅनी ज्यू घराण्यातली, हातमागावर अप्रतिम विणणारी. दोघं त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात नव्याने सुरू झालेल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात आले. अल्बर्स सरांना इंग्रजी जेमतेम यायचं. पण रंगाचे तुकडे दाखवायला इंग्रजी कितीसं लागतं? त्यांच्या वर्गात रंगपेटीऐवजी रंगीत कागद असायचे, झाडाखाली पडलेली पानंसुद्धा. एक रंग दोन दिसतो हे करून दाखवा, दोन रंग एक दिसतात हे करून दाखवा, असा गृहपाठ! १९५०पासून त्यांनी स्वतः एकात एक बसवलेल्या चौकोनांची चित्रं काढायला घेतली. चौकोन तेच, रंग दरवेळी वेगळे. १९७६ साली ते वारले तोवर अशी हजाराहून जास्त चित्रं झाली होती. कोणत्या कंपनीचा कोणता रंग वापरला हे ते चित्राच्या मागे लिहून ठेवत, प्रयोगवहीत नोंद करतात तसं. १९६३मध्ये आलेलं त्यांचं रंगांवरचं पुस्तक कलाशाळांमध्ये आजही उघडलं जातं.

त्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी होती रूथ असावा. तिचे आईवडील जपानहून कॅलिफोर्नियात आलेले शेतकरी. महायुद्धात अमेरिका आणि जपान शत्रू झाले, तेव्हा अमेरिकेने आपल्याच देशात राहणाऱ्या जपानी वंशाच्या लाखभर माणसांना छावण्यांमध्ये नेऊन डांबलं. सोळा वर्षांच्या रूथला आधी सँटा अनीटा नावाच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यात राहावं लागलं. हा धडधडीत अन्याय होता. पण त्याच तबेल्यांत डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले जपानी वंशाचे चित्रकारही डांबलेले होते. ते मुलांना चित्रकला शिकवायला लागले आणि रूथ तिथे शिकली. पुढे ती अल्बर्स सरांकडे आली, मेक्सिकोत जाऊन अंड्यांसाठी तारेच्या टोपल्या विणणाऱ्या कारागिरांकडून वीण शिकली आणि त्या विणीतून तारेची एकात एक फुगलेली, छतावरून लोंबणारी शिल्पं करायला लागली. त्यांची भिंतीवर पडणारी सावली शिल्पाइतकीच सुंदर असते.

आणि आता तो दहाव्या वर्षी बोटीतून आलेला मुलगा.

मार्कस रॉथकोविट्झ. जन्म १९०३, गाव द्विन्स्क. ते तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज लाटव्हिया देशात आहे. १९१३ साली तो आईबरोबर बोटीने अमेरिकेत आला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या पोर्टलंडला पोचला. काही महिन्यांतच वडील वारले आणि पोराला वर्तमानपत्रं विकावी लागली. मोठा झाल्यावर त्याने नाव आटोपशीर केलं, मार्क रॉथ्को. माणूस नाही, झाड नाही, घर नाही, नुसत्या रंगांच्या मोठमोठ्या धूसर पाट्या, असं त्यांचं चित्र. पातळ केलेल्या रंगाचे थरावर थर, त्यामुळे आतून उजेड आल्यासारखा वाटतो.

१९६४ साली हार्वर्डमध्ये सर्वांत वरच्या मजल्यावरच्या जेवणाच्या दालनात त्यांची पाच चित्रं लागली. खोलीला मोठमोठ्या काचेच्या खिडक्या. ऊन यायचं, पडदे उघडे राहायचे. आणि रॉथ्कोंनी त्या चित्रांत वापरला होता 'लिथॉल रेड' नावाचा लाल रंग. दिसायला झकास, पण उन्हापुढे अगदी नाजूक.

रंग उन्हाने का उडतो, सांगते. रंगद्रव्याचा रेणू प्रकाशातला काही भाग शोषून घेतो आणि उरलेला परत पाठवतो, तो परतलेला भाग म्हणजे आपल्याला दिसणारा रंग. पण प्रकाशात ऊर्जा असते. काही रेणूंचे सांधे ती ऊर्जा झेलता झेलता तुटतात. सांधा तुटला की रेणू पहिल्यासारखा प्रकाश शोषत नाही आणि रंग संपतो. सगळे रंग असे नसतात बरं का. वारली चित्रांखाली सारवलेला गेरू म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, माती. अजिंठ्याच्या लेण्यांत तो दीड हजार वर्षांनंतरही लाल आहे. रॉथ्कोंनी लिथॉल रेडमध्ये निळा मिसळला होता, तो होता अल्ट्रामरीन, म्हणजे पांढऱ्या कपड्यांना घालायच्या नीळपावडरीचा भाऊ. तोही उन्हात टिकणारा. म्हणून काय झालं? लाल मेला, निळा राहिला. किरमिजी चित्रं निळसर पडली. तीही सगळीकडे सारखी नाहीत. खिडकीजवळ जास्त, कोपऱ्यात कमी. शेवटी १९७९ साली ती उतरवून अंधाऱ्या गोदामात ठेवली.

वरून नवा रंग द्यायचा का? नाही. ते थर इतके पातळ आणि नाजूक, की नवा रंग एकदा लावला की परत काढता येणार नाही आणि मग ते चित्र रॉथ्कोंचं राहणार नाही. म्हणून हार्वर्ड आणि शेजारच्या एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी वेगळीच युक्ती केली. रंगाऐवजी प्रकाश लावला! आधी १९६४ सालचे फोटो शोधले. तेही फिके पडले होते, ते संगणकावर दुरुस्त केले. शिवाय एक सहावं चित्र सापडलं, त्याच संचातलं, पण भिंतीवर कधी न लागलेलं. ते उन्हापासून वाचलं होतं, त्यावरून मूळ रंग ताडून पाहता आला. मग आजच्या चित्रातल्या एकेका ठिपक्याला कोणता रंग किती कमी पडतो ते संगणकाने मोजलं आणि प्रोजेक्टरने नेमका तेवढाच प्रकाश त्या ठिपक्यावर टाकला. इथे जास्त, तिथे चिमूटभर. चित्राचा निळसरपणा आणि प्रकाशाचा लाल मिळून डोळ्याला १९६४चा किरमिजी दिसायचा. चार वाजता प्रोजेक्टर बंद व्हायचा आणि चित्र होतं तसं समोर यायचं. मुद्दाम तेवढ्यासाठीच त्या वेळी येणारे लोक होते म्हणे. मीही नक्की गेले असते.

२०१४च्या त्याच हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आणखी एका चित्रकाराचं मोठं प्रदर्शन चालू होतं. वासुदेव गायतोंडे. आईवडील गोव्याचे, जन्म नागपूरचा, बालपण गिरगावातही गेलेलं, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. १९६४ साली शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला गेले होते आणि रॉथ्कोंची चित्रं त्यांनी तिथे जवळून पाहिली. रंगाचे थर देण्यासाठी गायतोंडे रोलर आणि पाती वापरत. वर्षाला मोजकीच चित्रं. त्यांच्या चित्रांतही उजेड आतूनच येतो.

आता तुमचा प्रयोग. गणपतीच्या सजावटीतला उरलेला गुलाबी क्रेप कागद घ्या. शेजारी साध्या कागदावर थोडा गेरू फासा. दोन्ही कागद उन्हाच्या खिडकीत ठेवा आणि प्रत्येकावर एकेक रुपयाचं नाणं ठेवा. पंधरा दिवस हलवू नका, केर काढताना कुणी हलवणार नाही असं घरात सांगून ठेवा. मग नाणी उचला. गेरूवर बहुधा काहीच दिसणार नाही. गुलाबीवर मात्र एक गोल दिसेल, आजूबाजूपेक्षा गडद. तो कापून वहीत चिकटवा आणि खाली तारीख घाला. तुमच्या कागदाचं ते सहावं चित्र.